चि. बाबूस पत्र

कोपरी, ठाणे (पूर्व)

चि. बाबू,

प्रभूच्या नावाने सलाम.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. रविवारी भरल्या ताटावरून उठून गेलास त्याचा राग नाही. पाळकसाहेब चांगल्या मनाने आले होते, पण क्षमेचा विषय काढायला त्यांना जेवायचीच वेळ सापडली. घणसोलीला पोचल्यावर काही खाल्लंस का, एवढंच कळव.

गाळ्याचं डिपॉझिट, मशीनचे पैसे, सगळं घेऊन तुझा तो मित्र गेला. शब्बाथशाळेत तुम्ही दोघं एका बाकावर बसायचात. पैशापेक्षा तेच तुला लागलंय, कळतं मला. त्याची आई उपासनेला आता शेवटच्या बाकावर बसते आणि आशीर्वाद व्हायच्या आत निघून जाते. परवा तुझी आई तिच्यामागे बाहेर गेली होती. काय बोलली, मला सांगितलं नाही.

पैसे सोडून दे असं मी म्हणणार नाही. क्षमा केली म्हणून देणं फिटत नाही. वकिलाकडे जायचं तर मी बरोबर येतो. पण त्याच्यावरचा राग तू स्वतःवर काढतोयस. दिवसभर खोलीत पडून राहायचं, दाढी नाही, काम आलं तरी ‘नको’. अशाने माणूस… जाऊ दे. उपदेश करायचा नाही असं ठरवून बसलो होतो. माफ कर.

एलीया आठवतो? एवढा मोठा संदेष्टा, ईजबेल राणीच्या धमकीने पळाला आणि रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागू लागला. देवदूत त्याला रागावला नाही. ऊठ, खा, म्हणाला. निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी. खाऊन तो पुन्हा झोपला, तर पुन्हा उठवून खायला घातलं. होरेब डोंगरापर्यंतची चाळीस दिवसांची चाल त्यानंतरची. प्रभूचा शिष्य पेत्र, त्याचंही तेच. विस्तवापाशी शेकत असताना त्याने प्रभूला नाकारलं. पुनरुत्थानानंतर प्रभूने किनाऱ्यावर विस्तव करून त्याला मासे-भाकर दिली, आणि ‘माझ्यावर प्रीती करतोस का’ हे तीनदा विचारलं ते न्याहारी झाल्यावर. डबा लावलायस ना? की चहा-बिस्किटावरच आहेस?

नगरची आजी लक्ष्मीबाई टिळकांचं सांगायची. त्यांच्या नवऱ्याने, कवी टिळकांनी, १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तर त्या काही वर्षं वेगळ्याच राहिल्या. ‘बाईला वेळ लागला, देवाने घाई केली नाही,’ म्हणायची. आणि स्वतः मात्र धाकट्या जावेशी जन्मभर बोलली नाही! तुझा हट्ट तिच्याकडूनच आलाय.

क्षमा साताच्या सत्तर वेळा करा, असं प्रभूने सांगितलं. मला वाटतं, एकाच माणसाच्या एकाच अपराधाची क्षमासुद्धा तेवढ्या वेळा करावी लागत असेल. सकाळी केलेली संध्याकाळपर्यंत टिकत नाही. तेव्हा यंदाच्या नाताळापर्यंत जमलं नाही तरी चालेल, फक्त जेवत जा. झालं, पुन्हा तेच लिहिलं.

दहावीत असताना चर्चमधला जळका पंखा उतरवून तू चालू केलास, तो अजून फिरतोय. उपदेश लांबला की मी त्याच्याकडे बघत बसतो. पाळकसाहेबांना सांगू नकोस.

शनिवारी सुटलो की वाशी लोकलने तुझ्याकडे येतो. आई सुक्या जवळ्याची चटणी देणार आहे. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, दार उघड.

आणि खालच्या आजींचा एसी बंद पडलाय. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत. गॅस संपलाय की कॉम्प्रेसर गेलाय म्हणून रोज मलाच विचारतात. मी त्यांना काय सांगू?

तुझा,
पप्पा