मूल लहान, म्हणून प्राणीही लहान?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत लहान मुलांसाठी पाळीव प्राणी कसा निवडावा, यावरचा लेख वाचला. लेख जिव्हाळ्याने लिहिला आहे, पण त्यातला एक हिशेब मला पटला नाही. कुत्रा झेपणार नाही ना, मग हॅमस्टर (उंदरासारखा छोटा प्राणी) आणा, ससा आणा, तेही नको तर बोटभर कासव आणा. आकार लहान असला की काम कमी, असे त्यात धरून चालले आहे. नव्याचे नऊ दिवस सरले की पिंजरा घराच्या कोपऱ्यात जातो, त्याचे मूळ बहुतेक वेळा इथेच असते.

हॅमस्टरचेच घ्या. तो निशाचर. मूल शाळेतून येते तेव्हा हा गाढ झोपलेला, आणि मुलाचे डोळे मिटले की हा चाकावर धावायला लागणार. झोपेतून उठवून हातात घेतला तर चावतो, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. सीरियन जातीचा हॅमस्टर तर एकटाच ठेवावा लागतो. त्याला सोबत म्हणून दुसरा आणला, तर दोघे रक्त निघेपर्यंत भांडतात. आयुष्य २-३ वर्षांचे, म्हणजे चार वर्षांच्या मुलासाठी आणलेला हॅमस्टर त्याच्या सातव्या वाढदिवसाला बहुधा नसतो. मुलाने मृत्यू पाहूच नये असे मी म्हणत नाही. पण तेव्हा काय बोलायचे, हे आईवडिलांनी आधी ठरवलेले बरे.

सशाचे उलट. नीट सांभाळला तर तो ८ ते १२ वर्षे जगतो. मात्र त्याला उचलून घेतलेले आवडत नाही, कारण रानात त्याला जमिनीवरून उचलतो तो शिकारीच. घाबरला की मागचे पाय इतक्या जोरात झाडतो की स्वतःचाच कणा मोडून घेऊ शकतो. चार वर्षांच्या मुलाला तर तो कुशीतच हवा असतो. शिवाय त्याचे दात जन्मभर वाढतात, ते झिजायला दिवसभर सुके गवत चघळावे लागते. चित्रातल्या सशासारखे त्याला गाजरांवर ठेवता येत नाही.

कासवाबद्दल मी जरा कडकच बोलेन. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला हे जुलाब-ताप आणणारे जिवाणू असू शकतात. लहान मुले जे हाती लागेल ते तोंडात घालतात, म्हणून अमेरिकेत ४ इंचांपेक्षा लहान कवचाची कासवे विकण्यावर १९७५ पासून बंदी आहे. घरात पाच वर्षांखालचे मूल असेल तर कासवच काय, कोणताही सरपटणारा प्राणी आणू नये. नाण्याएवढे दिसणारे लाल कानांचे कासव पुढे १० इंचांपर्यंत वाढते आणि वीस वर्षे सहज जगते. मग ते कुणीतरी गुपचूप तळ्यात सोडून येते आणि ते कासव तिथल्या मूळच्या कासवांच्या जिवावर उठते.

मग आणावे तरी काय? मूल सहा-सात वर्षांचे असेल तर माझे मत गिनी पिगला (नावात पिग असले तरी हा डुक्कर नव्हे, उंदराच्या वर्गातला प्राणी). तो दिवसाही जागा असतो, सहसा चावत नाही, खाणे आणणाऱ्याची पावले ओळखून शीळ घालतो, आणि मुलाला तेवढे पुरते. मात्र त्याला एकटे ठेवू नये, जोडी आणावी, दोन्ही माद्या असल्या तर उत्तम. माणसाप्रमाणेच त्याच्याही शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, ते रोजच्या ताज्या भाज्यांतून द्यावे लागते. मुलाने जमिनीवर बसावे, मांडीवर टॉवेल घ्यावा आणि मोठ्यांनी प्राणी तिथे ठेवावा. उभ्याने उचलणे नाही.

त्याहून लहान मुलासाठी मासे बरे. बघायचे, हात लावायचा नाही. पण काचेच्या गोल भांड्यात गोल्डफिश नको. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून पाण्यात विषारी अमोनिया साठतो आणि तो पचवणारे जिवाणू टाकीत रुजायला काही आठवडे लागतात. टाकी आणि मासे एकाच दिवशी आणले की आठवड्याभरात मासे मरू लागतात आणि दोष मुलाने जास्त खाणे टाकले याला दिला जातो. (तेही मूल टाकतेच म्हणा. रोजची चिमूट मोठ्यांनी काढून द्यावी.)

‘प्राणी आणला की मूल जबाबदारी शिकेल’ हे लेखातले वाक्य मला सर्वांत जास्त खटकले. पाच वर्षांचे मूल दात घासायला विसरते, तसे पाणी भरायलाही विसरणारच. त्याला अद्दल घडावी म्हणून आपण गप्प राहिलो, तर तहानलेला राहतो तो प्राणी. प्राणी घरातल्या मोठ्या माणसाचा, मूल त्याचे मदतनीस, असे आधीच ठरलेले असावे. पिंजरा साफ करायला कुणीच मोठे तयार नसेल, तर प्राणी आणूच नये.

एक विनंती. पुढच्या वेळी अशा लेखात प्राण्यांची गोजिरवाणी छायाचित्रे छापाल, तेव्हा प्रत्येकाखाली तीन गोष्टी द्याव्यात: तो किती वर्षे जगतो, दिवसाच्या कोणत्या वेळी जागा असतो, आणि पूर्ण वाढल्यावर केवढा होतो.

आपली,
एक नियमित वाचक