क्षयरोग आणि साखर एकाच कार्डावर आणा: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री, गोवा राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह पाहणीत गोव्यातील प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के निघाले. देशाचे ११.४ टक्के; राज्यांमध्ये आपला पहिला नंबर. मधुमेह म्हटला की बोलणे हृदयावर, डोळ्यांवर, मूत्रपिंडांवर जाते. क्षयरोगावर सहसा जात नाही. पण मधुमेहीला क्षयरोग होण्याचा धोका इतरांच्या दोन-तीन पट असतो, उपचार चालू असताना दगावण्याचा धोका जवळपास दुप्पट, आणि बरे झाल्यावर रोग उलटण्याची शक्यताही बरीच जास्त.

क्षयरोग आणि मधुमेह या दोन्हींच्या सरकारी कार्यक्रमांनी मिळून काम कसे करायचे याची चौकट केंद्राने २०१७ मध्येच आखून दिली. क्षयरुग्णाची साखर तपासायची, मधुमेहीला खोकला-ताप विचारायचा, क्षयरुग्णांची नोंद ठेवणाऱ्या निक्षय पोर्टलवर मधुमेह आहे की नाही ते नोंदवायचे, एवढे ठरलेले आहे. आमचे म्हणणे त्यापुढचे आहे. दोन्ही रोग आहेत हे कळल्यावर पुढचे सहा महिने त्या माणसाची साखर सांभाळणार कोण? क्षयरोगाची गोळी एका ठिकाणी, साखरेची दुसरीकडे, आणि दोन्ही कागद एकत्र पाहणारे कोणीच नाही, असे राहू नये.

घोळ रिफाम्पिसिनपासून सुरू होतो. क्षयरोगाचे हे मुख्य औषध यकृतातली, इतर औषधे मोडून टाकणारी विकरे (एन्झाइम) वाढवते. आठवड्या-दोन आठवड्यांत ग्लिमेपिराइड आणि ग्लिक्लाझाइड या साखरेच्या गोळ्यांचे रक्तातले प्रमाण घसरते, लिनाग्लिप्टिन या गोळीवरही भरवसा ठेवता येत नाही. रुग्ण गोळ्या चुकवत नाही, तरी साखर चढते, आणि ओरडा मात्र त्यालाच बसतो की पथ्य पाळत नाही. मेटफॉर्मिन हे साखरेचे औषध यकृतात मोडले जात नाही. म्हणून मूत्रपिंडे ठीक असतील तर मेटफॉर्मिन आणि गरजेप्रमाणे इन्सुलिन हा सरळ मार्ग. त्याच माणसाच्या डब्यात बहुधा रक्तदाबाचे अॅम्लोडिपिन किंवा लोसार्टान आणि कोलेस्टेरॉलचे अॅटोर्व्हास्टॅटिन असते. त्यांचाही असर कमी होतो, म्हणून साखरेबरोबर रक्तदाबही मोजावा लागतो. रक्त पातळ ठेवणारे वॉरफेरिन चालू असेल तर आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) पुन्हा-पुन्हा पाहिल्याशिवाय गत्यंतर नाही.

आता सकाळची वेळ पाहा. क्षयरोगाच्या एकत्रित गोळ्या वजनाप्रमाणे: ५० ते ६४ किलोला चार, ६५ ते ७५ किलोला पाच. त्या रिकाम्या पोटी घ्यायच्या. ग्लिमेपिराइड मात्र खाण्याला जोडून. रुग्णाला हे वेगवेगळे सांगितले नाही तर तो सगळ्या गोळ्या एका घोटात घेतो, मळमळ सुरू होते, नाश्ता राहतो, आणि तासाभरात साखर उतरून हातपाय थरथरू लागतात. योग्य क्रम असा: उठल्यावर क्षयरोगाच्या गोळ्या साध्या पाण्याबरोबर, तासाभराने ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन आणि लगेच नाश्ता, मेटफॉर्मिन खाल्ल्यानंतर. उलट्या थांबत नसतील तर नुसती उलटीची गोळी देऊन घरी पाठवू नये. त्या यकृताला सूज आल्यामुळे असतील किंवा रक्तात कीटोन वाढल्यामुळे. साखर, कीटोन आणि यकृताची तपासणी त्याच दिवशी व्हायला हवी.

आहाराचा सल्ला तर एकमेकांच्या विरुद्ध मिळतो. क्षयरोगाचे कर्मचारी सांगतात भरपूर खा, मधुमेहाचे सांगतात कमी खा. घरचे मग पेज, केळी, गूळ आणि डब्यातली गोड पावडर देत राहतात. वजन घटलेल्या क्षयरुग्णाचे खाणे तोडू नये. गोड कमी करावे, प्रथिने वाढवावीत. पेजेचा वाडगा लहान करून सोबत अंडे, अळसांदे (चवळीसारखे कडधान्य), डाळ, मासळी. नोव्हेंबर २०२४ पासून निक्षय पोषण योजनेत महिन्याला १००० रुपये मिळतात, ते यावर खर्च व्हावेत. मासळीबाबत गोव्यात एक गोष्ट मुद्दाम सांगावी लागते. आयसोनियाझिड हे क्षयरोगाचे औषध चालू असताना नीट बर्फात न ठेवलेला बांगडा किंवा टूना खाल्ल्यास चेहरा लाल होणे, डोके ठणकणे, छातीत धडधडणे असा त्रास होऊ शकतो, कारण अशा मासळीत साठलेले हिस्टामिन हे रसायन या औषधामुळे शरीराला लवकर मोडता येत नाही. साखर उतरली समजून लोक साखरपाणी पितात. ग्लुकोमीटर हाताशी असेल तर मिनिटात उलगडा होतो. मासळी बंद करायची नाही, ताजी खायची. फेणी मात्र पूर्ण बंद: यकृतासाठीही आणि साखरेसाठीही.

पाय बधिर होणे मधुमेहाने होते आणि आयसोनियाझिडनेही. त्यामुळे पायरिडॉक्सिन (ब-६ जीवनसत्त्व) रोज १० ते २५ मिलिग्रॅम द्यावेच. क्षयरोगाचेच एथॅम्ब्युटॉल नजरेवर परिणाम करू शकते, म्हणून ते सुरू करण्यापूर्वी नजर आणि रंगांची ओळख तपासून कागदावर लिहून ठेवावी. नाहीतर पुढे नजर अधू झाली तर दोष औषधाचा की जुन्या मधुमेहाचा, हे ठरत नाही.

निदानाबद्दल थोडक्यात. मधुमेहीचे वजन घटले की साखर वाढली म्हणून सोडून दिले जाते. कारण नसताना साखर हाताबाहेर गेली, तर खोकला नसला तरी छातीचा एक्स-रे काढावा. मधुमेहीत डाग फुप्फुसाच्या खालच्या भागातही दिसतात आणि न्यूमोनिया समजले जातात. थुंकी ट्रूनॅट या क्षयजंतू शोधणाऱ्या यंत्रावर तपासायला पाठवावी. ही यंत्रे आपल्याच वेर्ण्यात बनतात. उलट बाजूने, क्षयरोगाच्या तापातही साखर तात्पुरती चढते. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त निघाली तर उपचार करावेत, पण तीन महिन्यांनी पुन्हा पाहावे. सगळेच जन्माचे मधुमेही नसतात.

सर्वांत धोक्याची वेळ उपचार संपल्यावर येते, आणि तिथे कोणाचेच लक्ष नसते. सहा महिन्यांत ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅमचे ४ झालेले असते, इन्सुलिनचे युनिट वाढलेले असतात. रिफाम्पिसिन थांबते, दोनेक आठवड्यांत विकरे पूर्ववत होतात, रोगाचा ताणही गेलेला असतो. औषध मात्र तेवढेच चालू. पहाटे घामाने अंथरूण भिजते. रुग्णाला वाटते टीबी उलटला, कारण रात्रीचा घाम हे त्याचेच लक्षण म्हणून सांगितलेले असते. मोजले तर साखर ७०च्या खाली. म्हातारे, एकटे राहणारे आणि मूत्रपिंडे कमजोर असलेले यात बेशुद्ध होऊ शकतात.

म्हणून आमच्या मागण्या. क्षयरोगाच्या औषधांसोबत मधुमेही रुग्णाला ग्लुकोमीटर आणि पुरेशा पट्ट्या मिळाव्यात. एकच कार्ड असावे, ज्यावर दोन्ही रोगांची औषधे, वजन, रक्तदाब आणि साखर असेल: पहिला महिना दर आठवड्याला, नंतर दर महिन्याला, आणि रिफाम्पिसिन थांबल्यावर पहिल्या, दुसऱ्या व चौथ्या आठवड्यात. उपचार चालू असताना उपाशीपोटी साखर १८०च्या आत, एचबीएवनसी (तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी तपासणी) ८ टक्क्यांच्या आत पुरे. त्याहून कडक नियंत्रणाच्या नादात साखर उतरवून ठेवू नये. रक्तक्षय असेल तर एचबीएवनसीवर विसंबू नये. पेडणे असो वा काणकोण, दोन्ही तपासण्या त्याच केंद्रात एकाच दिवशी व्हाव्यात, रोजंदारी बुडवून दोनदा खेपा मारायला लावू नये. साखर हाताबाहेर गेल्यास आझिलो, हॉस्पिसिओ किंवा गोमेकॉ या सरकारी रुग्णालयांत कोणाला फोन करायचा, तो क्रमांक कार्डावरच छापावा. बरेच मधुमेही खासगी डॉक्टरांकडे जातात. क्षयरोगाची नोंद कळवणे त्यांना २०१२ पासून बंधनकारक आहेच. ती नोंद आली की त्याच आठवड्यात हे कार्ड त्यांच्याकडे पोचवावे.

उपचार पूर्ण झालेल्यांना दोन वर्षे दर सहा महिन्यांनी तपासायचे असते. पण त्यातली पहिली तपासणी सहा महिन्यांनी येते आणि साखर पहिल्या पंधरवड्यातच उतरते. तेव्हा उपचार संपल्यापासून चौदाव्या दिवसाची भेट अनिवार्य करणारे परिपत्रक आधी काढावे. बाकीच्या गोष्टींना वेळ लागेल, याला लागू नये.

आपले,
गोव्यात क्षयरोग आणि मधुमेहाचे रुग्ण पाहणारे काही डॉक्टर, परिचारिका आणि फार्मासिस्ट