बाबांच्या वहीतले दोन आकडे

तीर्थरूप बाबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

मी इकडे ठीक आहे. कामाचं नेहमीचंच, ते तुम्हाला ठाऊक आहे. फोनवर निम्मं बोलायचं राहून जातं आणि बाबा लगेच फोन आईकडे देऊन मोकळे होतात, म्हणून या वेळी लिहूनच पाठवते. दादा, मोठ्याने वाचून दाखव.

आधी आईच्या काळजीचं. आई, मला बीपी झालेलं नाही. त्या दिवशी दवाखान्यातून निघता निघता मी १४२/९० एवढंच कळवलं, ती चूक माझी. तो नुसता पहिल्या मोजणीचा आकडा होता. इकडे मोजण्याची एक रीत आहे, ती मला वर्षभर कळलीच नव्हती. आत नेतात, खुर्चीत टेकून बसवतात, दोन्ही पाय जमिनीवर, पायावर पाय नाही. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. लघवीला जाऊन आलात का, अर्ध्या तासात चहा-कॉफी घेतली का, हे विचारतात. मग फोन बाजूला ठेवायला सांगून सिस्टर दार लावून निघून जाते. पाच मिनिटं! पहिल्या वेळी मला वाटलं, ही बाई मला विसरली. उठून दाराशी गेले, तर तिने परत आणून बसवलं आणि पाच मिनिटं पुन्हा पहिल्यापासून सुरू. मोजताना मी काहीतरी विचारलं, तर तिने ओठांवर बोट ठेवलं. बोलण्याने वरचा आकडा सहज दहाएक अंकांनी चढतो म्हणे. मग मिनिटभराच्या अंतराने पुन्हा मोजतात. माझे पुढचे दोन आले १३१/८४ आणि १२८/८२. दवाखान्यात शिरल्यावर छातीत जी धडधड होते, ती पहिल्या आकड्यात आली होती. घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजलं, सरासरी १२४/७९. मी जागरणं करत नाही. खरंच नाही करत.

आता बाबा, तुमचं.

दादाने पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. मशीनवर १५८/७२. पण पट्टा शर्टाच्या बाहीवरून बांधलाय, हात खुर्चीच्या बाजूला लोंबतोय, आणि तुमचं तोंड उघडं आहे, म्हणजे कोणाशी तरी बोलणं चाललंय. लोंबत्या हाताने आकडा वाढतो. त्यामुळे एकट्या त्या फोटोवर मी विसंबले नसते. पण वहीत डॉक्टरांकडचे मागच्या तीन वेळचे आकडेही आहेत, आणि तिन्ही वेळा वरचा १५०च्या वर आहे.

तुम्ही म्हणालात, आठ वर्षांपूर्वी १३८/८६ होतं, आता वरचा वीसने चढला आणि खालचा चौदाने उतरला, म्हणजे हिशेब जवळजवळ जुळला. बाबा, हिशेब असा जुळत नाही. तेव्हा दोन आकड्यांत ५२ चं अंतर होतं, आता ८६ चं आहे. वरचा आकडा हृदय आकुंचन पावून रक्त ढकलतं त्या क्षणाचा, खालचा दोन ठोक्यांमधल्या विश्रांतीचा. महारोहिणी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, लवचिक असते तेव्हा ती ढकललेल्या रक्ताने फुगते आणि हृदय विसावलं की परत आवळते, म्हणून वरचा फार चढत नाही आणि खालचा फार पडत नाही. आईच्या शिवणाच्या डब्यातलं जुनं इलॅस्टिक आठवा. ताणायला गेलं तर ताणत नाही, आणि ताणलंच तर परत येत नाही. रक्तवाहिन्यांचं वयाबरोबर तसंच होतं. साधारण पन्नास-साठपर्यंत दोन्ही आकडे वाढतात, पुढे वरचा चढतच राहतो आणि खालचा उतरू लागतो. म्हणून ‘खालचा छान आहे’ यात तुम्ही मानता तितका दिलासा नाही.

आणि वरचा आकडा ‘वय अधिक शंभर’ इतका चालतो, हे तुम्ही कृपा करून सोडा. पूर्वी अनेक डॉक्टरही तसं मानत, हे खरं. पण १९९१ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. साठीच्या पुढची, फक्त वरचा आकडा वाढलेली माणसं त्यात होती. औषध घेणाऱ्यांत पक्षाघाताचं प्रमाण एकतृतीयांशाहून जास्त घटलं. ऐंशीच्या पुढच्यांनाही औषधाचा फायदा होतो, हे २००८च्या चाचणीत दिसलं. वयाने आकडा वाढतो हे बरोबर. वाढलेला आकडा त्या वयाला चालतो, हे बरोबर नाही. दवाखान्यात १४०/९० आणि घरी १३५/८५ ही रेघ सर्वसाधारणपणे धरतात. अमेरिकेत २०१७ पासून १३०/८० धरतात. तुमचा आकडा कुठवर आणायचा ते तुमचे डॉक्टर ठरवतील. गोळी वाढवणं, बंद करणं, आकडा चांगला आला म्हणून एक दिवस चुकवणं, यातलं काही स्वतःच्या मनाने करू नका.

रात्री उठताना तुम्हाला चक्कर आली, हे मला दहा दिवसांनी कळलं. मी रागावलेली नाही. मी तिथे नव्हते, तर रागावू कुठल्या तोंडाने? पण डॉक्टरांना ते सांगा. बसून मोजल्यावर उभं राहून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. दादाने शेजारी उभं राहायचं. वरचा वीस किंवा जास्त पडला, तर लिहून ठेवा. या वयात दोन्ही होऊ शकतं, बसल्यावर जास्त आणि उठल्यावर कमी. तोवर रात्री आधी पलंगाच्या कडेला बसा, मग उठा. आणि बोलताना जीभ अडखळली, तोंड वाकडं झालं किंवा एका बाजूचं बळ गेलं, तर मशीन शोधत बसू नका, थेट हॉस्पिटल.

दादाच्या खात्यावर पैसे टाकलेत. त्यातून दंडावर बांधायचं मशीन घ्या, मनगटाचं नको, आणि पट्टा बाबांच्या दंडाच्या मापाचा बघा. उरलेले कर्जाच्या हप्त्याला लावा. मागच्या महिन्यात मी कमी पाठवले, ते या वेळी भरून काढलेत. ताईने सुचवलेल्या मुलाशी मी दोनदा बोलले. माणूस समंजस वाटला. आई, मी नाही म्हटलेलं नाही, पण बाबांची तब्येत असं कारण सांगून घाई करू नकोस, माझ्याच्याने मग नीट विचार होत नाही. मार्चमध्ये तीन आठवडे येतेय, रजा मंजूर झाली आहे. मागच्या वर्षीसारखं या वेळी होणार नाही.

बाबा, दर रविवारी वहीच्या पानाचा फोटो पाठवा. आणि एक तुमचा, बाही वर केलेली, हात टेबलावर, तोंड मिटलेलं.

तुमची,
धाकटी