छोट्या विमान कंपन्यांनी इंधन एकत्र घ्यावे

महोदय,

‘उडान’ या केंद्राच्या प्रादेशिक विमानसेवा योजनेतला एखादा मार्ग बंद पडला की चर्चा प्रवासीसंख्येवरच थांबते. छोट्या कंपनीला खरा घोर असतो इंधनाचा. आफ्रिकी विमान कंपन्यांच्या ‘आफ्रा’ या संघटनेने (स्थापना आक्रा, १९६८, मुख्यालय नैरोबी) सभासदांसाठी संयुक्त इंधनखरेदी सुरू केली, ती इथे अभ्यासण्यासारखी आहे.

अशा खरेदीत प्रत्येक कंपनी विमानतळनिहाय वार्षिक गरज कळवते, संघटना बेरीज करून एकच निविदा काढते. मूळ बाजारभाव निर्देशांकाप्रमाणे चालतो, त्यावर घासाघीस होत नाही. ती होते पुरवठादार वर लावतो त्या आकारावर, आणि तिथे एकत्रित मागणीचे वजन पडते. करार आणि बिले ज्याची त्याची. बिघडते कुठे? गरज फुगवून सांगितली आणि उचल कमी झाली, तर पुढच्या निविदेत पुरवठादार हात आखडता घेतो. म्हणून मागच्या वर्षाची प्रत्यक्ष उचल तपासल्याशिवाय कोणाचाही आकडा धरू नये.

‘उडान’मध्ये सरकारकडून मिळणारी तूटभरपाई साधारण ३ वर्षांची. पुढे कंपनी एकटी पडते. ताफ्यात दोनच एटीआर (छोटी पंख्याची विमाने) असतील आणि एक सुट्या भागाअभावी अडकले, तर निम्मे वेळापत्रक कोलमडते. सुट्या भागांचा सामायिक साठाही तितकाच गरजेचा आहे. कोल्हापूर, नांदेड, जळगावसारख्या शहरांना जोडणाऱ्या छोट्या कंपन्यांनी यासाठी स्वतंत्र संघटना उभारावी आणि पहिली निविदा इंधनाचीच काढावी.

— विमान वाहतूक क्षेत्रातील काही वाचक, पुणे