बाबा, तुमच्या 'एक जनरल आणून बसवा' बद्दल

ती. बाबा आणि सौ. आई,

सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही परत तेच म्हणालात, की एखादा रिटायर्ड जनरल आणून बसवा दिल्लीत, सहा महिन्यांत सगळे सुतासारखे सरळ होतात की नाही बघ. मी तेव्हा काही बोलले नाही, एकतर आई मागून काहीतरी ओरडत होती आणि दुसरं म्हणजे तुम्हाला मध्ये तोडलेलं आवडत नाही. म्हणून लिहितेय. पत्रात तरी तुम्हाला पूर्ण ऐकून घ्यावं लागेल.

अमेरिकेने हा प्रयोग करून बघितलाय, आणि ज्याच्यावर केला तो माणूस आमच्या या सेंट लुईसमध्ये राहून गेलाय. युलिसिस ग्रँट, 50 डॉलरच्या नोटेवर दाढीवाला आहे ना, तोच. त्याच्या सासऱ्याचं घर अजून आहे इथे, व्हाइट हेवन नाव, नाव पांढरं आणि घर अख्खं हिरवंगार रंगवलेलं. आत गेलं की तळघरातलं स्वयंपाकघर दाखवतात जिथे गुलाम बायका राबायच्या. सासरा गुलाम बाळगणारा, बाप गुलामगिरीच्या विरोधात, आणि हा मध्ये. ग्रँटच्या स्वतःच्या मालकीचा पण एक गुलाम होता, विल्यम जोन्स नावाचा, पण 1859 मध्ये, घरात पैशांची चणचण असताना, त्याला न विकता त्याने कोर्टात जाऊन मोकळं केलं. मला या माणसात इंटरेस्ट आला तो इथून.

आता तुमच्या मनात जनरल म्हणजे कडक इस्त्रीचा माणूस असणार. हा तसा अजिबात नव्हता. 1854 ला कॅलिफोर्नियातल्या पोस्टिंगवर असताना आर्मी सोडली (दारूमुळे, असं बोललं जातं), मग इथे येऊन शेती केली, स्वतःच्या हाताने लाकडाचं घर बांधलं, त्याला नाव काय दिलं तर हार्डस्क्रॅबल, म्हणजे हालअपेष्टाच म्हणा, आणि जुना आर्मीचा ओव्हरकोट घालून सेंट लुईसच्या रस्त्यावर सरपण विकलं. 1857 च्या ख्रिसमसला घड्याळ गहाण टाकलं. आणि बाबा हे खास तुमच्यासाठी, त्याने इथल्या काउंटी इंजिनियरच्या पोस्टसाठी अर्ज केला होता आणि तो पण राजकारणापायी नाकारला गेला! तुमच्या पाटबंधारे खात्यातल्या त्या प्रमोशनची आठवण आली मला वाचताना, खरंच. शेवटी 1860 मध्ये बापाच्या चामड्याच्या दुकानात, धाकट्या भावांच्या हाताखाली. लहानपणापासून त्याला त्या कातड्याच्या धंद्याचा तिटकारा, रक्त बघवायचं नाही, मटण अगदी करपेपर्यंत भाजून लागायचं, आणि लोक पुढे त्यालाच खाटीक म्हणाले.

1861 ला उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत गुलामगिरीवरून यादवी युद्ध पेटलं आणि तीन वर्षांच्या आत हा दुकानातला माणूस उत्तरेच्या, म्हणजे लिंकनच्या, सगळ्या सैन्याचा प्रमुख. लढायांचं तुम्ही यूट्यूबवर बघालच, व्हिक्सबर्गचा वेढा जरूर बघा, 4 जुलै 1863 ला शरणागती. पण कोल्ड हार्बरच्या लढाईत त्याने माणसं भिंतीवर आपटावी तशी शत्रूच्या मोर्च्यांवर घातली, तो हल्ला केल्याचं दुःख कायम राहिलं असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. मला जास्त आवडतो तो 9 एप्रिल 1865 चा दिवस, ॲपोमॅटॉक्सला. समोर शरण आलेला दक्षिणेचा जनरल ली एकदम रुबाबात, कमरेला तलवार, आणि हा जिंकलेला माणूस चिखलाच्या बुटांत, साध्या शिपायाच्या कोटात. अटी काय घातल्या? हत्यारं खाली ठेवा, शपथ घ्या, घरी जा, आणि ज्याचा स्वतःचा घोडा आहे त्याने तो घेऊन जा, पेरणीला लागेल.

असा माणूस 1868 ला राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला. निवडून आला, बाबा, कोणी आणून बसवला नाही, हा फरक तुमच्या वाक्यात नसतो.

आणि गंमत बघा, पहिल्या दिवसापासून तो आर्मीसारखाच वागला. मंत्री कोण ते शेवटपर्यंत कोणाला सांगितलं नाही, पार्टीला विचारलं नाही. अर्थखात्यासाठी न्यूयॉर्कचा एक मोठा व्यापारी निवडला, मग कळलं की व्यापारधंदा करणाऱ्याला ते पद घेता येत नाही असा जुना कायदाच आहे, झालं, बदला नाव. रणांगणावर हाताखालच्यावर पूर्ण विश्वास टाकावाच लागतो, नाहीतर लढाई होत नाही. ऑफिसात मात्र तुम्ही म्हणायचात तसं, साहेब स्वतः खात नाही पण साहेबाची सही खाते. ग्रँटचं अगदी तेच झालं. दारूवरचा टॅक्स बुडवणारी मोठी टोळी पकडली गेली 1875 मध्ये, व्हिस्की रिंग म्हणतात, आणि तिचा अड्डा कुठे, तर आमच्या सेंट लुईसमध्ये. आधी ग्रँटने लिहिलं की एकही दोषी सुटता कामा नये. मग धागा त्याच्याच सेक्रेटरीपर्यंत, बॅबकॉकपर्यंत आला, युद्धातला सोबती तो, तर या राष्ट्राध्यक्षाने व्हाइट हाउसमध्ये बसून त्याच्या बाजूने साक्ष दिली. बॅबकॉक सुटला. टोळी उघडकीला आणणारा अर्थमंत्री ब्रिस्टो, त्याला जावं लागलं.

हे वाचून तुम्ही म्हणाल मग तो वाईटच. नाही ना! कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या दहशतवादी टोळीचे लोक दक्षिणेत काळ्या लोकांना मतदान करू नये म्हणून मारत होते, जाळत होते, तेव्हा 1871 मध्ये याने कायदा करून घेतला, साउथ कॅरोलिनाच्या नऊ काउंट्यांत हेबियस कॉर्पस, म्हणजे अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागायचा हक्क, बंद केला, सैन्य लावून शेकडो धरले, आणि क्लॅन त्या काळापुरती मोडली. तुमचा 'कडक जनरल' पाहिजे ना, तो इथे दिसतो. पण ते पण टिकलं नाही, कारण 1873 ला मंदी आली, उत्तरेतल्या लोकांना कंटाळा आला, आणि 1875 ला मिसिसिपीत तसंच चालू असताना याने सैन्य पाठवलं नाही. मतं बघावी लागतात खुर्चीवर बसलं की, जनरल असो नाहीतर कोणी. माझं मत विचाराल तर बॅबकॉकपेक्षा हे मिसिसिपीचं जास्त लागतं.

आई, तू कंटाळली असशील, तुझ्यासाठी. त्याची बायको ज्युलिया जरा तिरळी होती. नवरा एवढा मोठा झाला तर आपण डोळ्यांचं ऑपरेशन करून घेऊ म्हणून ती डॉक्टरांकडे गेली, तर हा म्हणाला की मी याच डोळ्यांवर प्रेम केलं, हात लावू नकोस त्यांना. (बाबा, शिका काही.) आणि दोघं राष्ट्राध्यक्षपद संपल्यावर जगाच्या टूरवर निघाले ना, त्यात फेब्रुवारी 1879 ला मुंबईला पण आले होते, मलबार पॉइंटला गव्हर्नमेंट हाउसमध्ये उतरले, जे पुढे राजभवन झालं.

आता शेवटचं, आणि पत्र लिहायचं खरं कारण पण हेच समजा. परत आल्यावर ग्रँटने सगळा पैसा मुलाच्या पार्टनरकडे लावला, फर्डिनांड वॉर्ड, वॉल स्ट्रीटचा स्मार्ट पोरगा, परतावा असा की विचारू नका. ग्रँट कागद न वाचता सही करायचा. मे 1884 मध्ये सगळं बुडालं, वर व्हँडरबिल्ट नावाच्या धनाढ्य माणसाकडून घेतलेलं दीड लाख डॉलरचं उसनं डोक्यावर, ते फेडायला तलवारी आणि मेडल्स पण दिली. त्याच वर्षी घशाचा कॅन्सर निघाला. मग बसला लिहायला, बायकोच्या मागे काही राहावं म्हणून, लेखक मार्क ट्वेनने छापायचं कबूल केलं, आणि लिहून झाल्यावर काही दिवसांतच, 23 जुलै 1885 ला गेला. ज्युलियाला त्या आठवणींचे साडेचार लाख डॉलरच्या आसपास मिळाले म्हणतात.

तर आई सांगत होती की तुमच्या मॉर्निंग वॉकच्या ग्रुपमधला कोणीतरी महिन्याला चार टक्के देणारी स्कीम घेऊन घरी येतोय आणि तुम्ही त्याला दोनदा चहा पाजलाय, माणूस सज्जन आहे म्हणून. असेल सज्जन. पण बाबा, ग्रॅच्युइटीची एफडी मोडू नका, चेक देऊ नका, आधी त्याच्याकडून कागद मागा आणि फोटो काढून दादाला व्हॉट्सॲप करा, आणि आई, चेकबुक तू तुझ्या कपाटात ठेव, किल्ली देऊ नकोस. रविवारी फोन करते, तेव्हा भांडा माझ्याशी.

तुमची,
मनू