बेंचवरची तीन वर्षं

इंदूर,
रविवार, सकाळी

प्रिय नंदू,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. दोनदा वाचलं, मग आईलाही वाचून दाखवलं. गुडघ्याचं ऐकून तिचा चेहरा उतरला, पण शाळेनं तुला कोच म्हणून बोलावलंय म्हटल्यावर लगेच म्हणाली, "मग जात का नाही तो?" मलाही तेच विचारायचंय. तू लिहितोस, 'रेल्वेच्या बास्केटबॉल टीममधली शेवटची तीन वर्षं मी बेंचवरच होतो, मी पोरांना काय शिकवणार?' त्या एका ओळीसाठी आज एवढं लिहायला बसलोय.

एनबीएतला, म्हणजे अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमधला, शिकागोचा स्टीव्ह कर आठवतो ना? १९९७ची सात मॅचची फायनल, सहावी मॅच, शिकागो विरुद्ध यूटा, स्कोअर ८६-८६. त्याच्याच टीममधल्या मायकेल जॉर्डननं टाइमआउटमध्येच त्याला सांगून ठेवलं होतं की यूटाचा स्टॉकटन तुला सोडून माझ्यावर येईल, तयार राहा. स्टॉकटन खरंच सरकला, पास आला, आणि पाच सेकंद उरलेली असताना करनं बॉल आत घातला. तो शॉट आपण किती वेळा पाहिला, किती वेळा रेसकोर्स रोडच्या कॉम्प्लेक्सवर जाऊन मारून बघितला!

पण त्या शॉटच्या अलीकडचं-पलीकडचं आपण कधी पाहिलंच नाही. १९८८च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवे खेळाडू निवडतात तेव्हा, त्याचा नंबर ५०वा. उंची सहा फूट तीन इंच, म्हणजे तिथल्या मानानं बुटकाच. पंधरा सीझनमध्ये ९१० मॅच खेळला, त्यातल्या जेमतेम ३० मॅचमध्ये सुरुवातीच्या पाचात होता. बाकी सगळ्या मॅचना आधी बसायचं, मग उठायचं. आणि उठला की हात गरम असायचा: थ्री-पॉइंटरची, म्हणजे लांबून मारलेल्या तीन गुणांच्या शॉटची, कारकिर्दीतली टक्केवारी ४५.४, त्याच्या पुढे आजवर कोणी गेलेलं नाही. २००३ साली, सदतिसाव्या वर्षी, डॅलसविरुद्धच्या सहाव्या मॅचमध्ये त्याची तेव्हाची टीम सॅन अँटोनिओ मागे पडलेली असताना त्याला आत पाठवलं. चार थ्री मारले, चारही आत. इतका वेळ बसून राहिलेला माणूस तयार कसा राहतो, हे मला आजही नवल वाटतं.

बसायचा कोणाच्या शेजारी, तेही बघ. आधी शिकागोचा कोच फिल जॅक्सन, मग सॅन अँटोनिओचा कोच पॉपोविच. कधी कोणाला बाहेर काढायचं, चिडलेल्या खेळाडूशी काय बोलायचं, हे सगळं हाताच्या अंतरावरून बघायला मिळालं. २०१४ मध्ये गोल्डन स्टेट या एनबीए टीमचा कोच झाला, तेव्हा त्याआधी एक दिवसही मुख्य कोच म्हणून काम केलेलं नव्हतं. आल्याआल्या त्यानं टीममधल्या आंद्रे इग्वाडालाला बेंचवर बसायला सांगितलं. त्या माणसानं तोपर्यंत एनबीएतली आपली प्रत्येक मॅच सुरुवातीपासून खेळलेली! ज्यानं स्वतः बेंच भोगलाय, त्याच्याकडूनच असं ऐकून घेता येतं, असं मला वाटतं. फायनलमध्ये टीम १-२ अशी मागे पडल्यावर करनं त्यालाच सुरुवातीच्या पाचात आणलं. ओळीनं तीन मॅच जिंकले, चाळीस वर्षांनी किताब आला, आणि फायनलचा सर्वोत्तम खेळाडू इग्वाडाला. मला सगळ्यात आवडलं ते पुढचं. ही युक्ती माझी नव्हे, आमच्या निक युरेन नावाच्या तरुण सहायकाची, असं करनं सगळ्यांसमोर सांगितलं.

आता आपल्या इथलं सांगतो. माझ्या सकाळच्या बॅचला एक तेरा वर्षांची पोरगी आहे. हळू धावते, मॅचमध्ये तिला फार वेळ मिळत नाही. गेल्या महिन्यात मॅच चालू असताना तिनं माझी बाही ओढली. "सर, ती अकरा नंबरची आहे ना, आधी उजवा पाय मागे घेते आणि मग डावीकडूनच जाते." मी बघत राहिलो. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदाही तेच. टाइमआउट घेतला आणि म्हटलं, तूच सांग सगळ्यांना. बोलताना तिचा आवाज कापत होता, पण पाय कसा मागे जातो ते तिनं उभं राहून करून दाखवलं. पुढच्या वेळी बॉल त्यांच्याकडे आला तेव्हा आमच्या गार्डनं तो काढून घेतला. ती बेंचवर ताडकन उभी राहिली रे, जणू स्वतःच बास्केट केलं होतं.

मी इतकी वर्षं खेळलो, पण आत असताना माझी नजर बॉलवरून हलली नाही. तुझी हलली असणार. तीन वर्षं तू त्या खुर्चीवरून काय काय पाहिलंस, ते मला पत्रात कधी लिहिलंच नाहीस. तुझ्या कोचनं तुला न खेळवता अन्याय केला, हे मी आजही म्हणेन, त्यात माघार नाही. पण पाहिलेलं तुझंच आहे. त्या शाळेतही कोणीतरी पोरगा शेवटच्या खुर्चीवर बसलेला असेल. त्याच्याशी काय बोलायचं, ते तुला जितकं कळेल तितकं मला कळणार नाही.

होकार आधी शाळेला कळव, मग मला फोन कर. डिसेंबरात चार दिवस काढून ये. सराफ्याच्या खाऊगल्लीत गराडू, ते तळलेले कंद, सुरू झालेत, आणि त्या पोरीला तुला भेटवायचंय. गुडघ्याला रोज शेक घे, आळस करू नकोस. वहिनींना नमस्कार, छोटीला खूप आशीर्वाद.

तुझाच,
विन्या