किरणोपचाराला 'शेक' म्हणणे थांबेल का? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

स्तनाच्या कर्करोगाची गाठ काढल्यावर माझ्या थोरल्या बहिणीच्या रिपोर्टवर 'मार्जिन निगेटिव्ह' असे दोन शब्द होते. निगेटिव्ह म्हणजे वाईटच, असे धरून ताई रात्रभर जागी राहिली. सकाळी कळले, की काढलेल्या गाठीभोवतीच्या कडेला कर्करोगाच्या पेशी सापडल्या नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे त्या अख्ख्या कागदावरची सगळ्यात चांगली बातमी तीच होती!

त्याच कागदावर 'ग्रेड ३' होते. आम्ही घरातल्या सगळ्यांनी ते 'थर्ड स्टेज' असे वाचले आणि नातेवाइकांना तसेच कळवूनही टाकले. ग्रेड म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी निरोगी पेशींपेक्षा किती वेगळ्या दिसतात ते. स्टेज म्हणजे आजार शरीरात कुठवर पोचला ते. ताईची स्टेज पहिली होती. हा फरक सांगायला कुणाला अर्धे मिनिट लागले असते.

मग किरणोपचार, म्हणजे रेडिएशन, सुरू झाले. याला लोक 'शेक' म्हणतात, 'लाईट' म्हणतात, आणि घाईच्या वेळी कर्मचारीही तेच म्हणतात. शब्द जिव्हाळ्याचा आहे, पण फसवा आहे. ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक, म्हणजे एक किलो ऊतींमध्ये एक ज्यूल ऊर्जा. रोजच्या नेहमीच्या 2 ग्रे मात्रेने पाण्याचे तापमान एका अंशाच्या हजाराव्या भागाच्या निम्म्यानेही वाढत नाही. शेकण्यासारखे तिथे काही नसतेच. किरण पेशींच्या डीएनएवर घाव घालतात, आणि कर्कपेशींना तो निरोगी पेशींइतका नीट दुरुस्त करता येत नाही. ताईला मात्र पहिल्या दिवशी काहीच गरम लागले नाही, म्हणून मशीन बंद होते की काय, अशी शंका आली. पुढे कातडी काळवंडली, उपचार संपल्यावरही आठवडाभर आग वाढतच गेली, तेव्हा 'जास्त शेकले' असा ठपका बिचाऱ्या तंत्रज्ञावर आला. त्वचेचा त्रास शेवटच्या दिवसानंतरही काही दिवस वाढू शकतो, हे आधी सांगितले असते तर हा ठपका आला नसता.

रेडिएशनला सरकारी शब्द वापरावा, तर तिथे आणखी गंमत. शाळेत आपण उष्णतेचे वहन, अभिसरण, प्रारण पाठ केले. ते प्रारण परीक्षेनंतर कुणाला भेटले नाही. वर्तमानपत्रांतून भेटतो तो 'किरणोत्सर्ग', आणि तोही अणुभट्टीच्या अपघातासोबत. तो शब्द एका छापील पत्रकात वाचून ताईने महिनाभर नातवाला मांडीवर घेतले नाही. बाहेरून मशीनने किरण दिले, तर मशीन थांबताच किरणही थांबतात. रुग्णाच्या अंगात काही उरत नाही. थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन दिले, किंवा गाठीत कायमचे किरणोत्सारी दाणे बसवले, तर काही काळ जपावे लागते. पण ते उपचार वेगळे. पत्रकात सगळे एकाच ओळीत कोंबले होते.

सगळ्यात जास्त मनस्ताप आकड्यांनी दिला. ताईला 15 फ्रॅक्शन, म्हणजे 15 दिवसांच्या बैठका लिहून दिल्या होत्या. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंना 25. ताईला वाटले, आपल्या वाट्याचे दहा दिवस कापले. वशिला नाही म्हणून. प्रत्यक्षात 25 दिवस 2 ग्रेप्रमाणे 50 ग्रे, किंवा 15 दिवस रोज थोडी मोठी मात्रा देऊन सुमारे 40 ग्रे, या स्तनाच्या कर्करोगातल्या दोन्ही रूढ पद्धती आहेत. ब्रिटनमधल्या मोठ्या चाचण्यांत रुग्णांना वर्षानुवर्षे तपासल्यावर छोटा कोर्स मोठ्याइतकाच गुणकारी ठरला. कुणाला कोणता द्यायचा, हे डॉक्टर प्रकृती पाहून ठरवतात. पुढे 'बूस्ट' लिहिले गेले, तेव्हा आजार उलटला म्हणून घरात रडारड झाली. बूस्ट म्हणजे गाठ जिथे होती तेवढ्याच जागी दिलेली जादा मात्रा. ती आधीपासून ठरलेली होती.

एक शब्द मात्र मुद्दाम इंग्रजीत ठेवला जातो, असा माझा संशय आहे. 'पॅलिएटिव्ह'. हाडात पसरलेल्या कर्करोगाच्या वेदनेवर पुष्कळदा 8 ग्रेची एकच मात्रा देतात, आणि ती बऱ्याच जणांना आराम देते. घरच्यांना वाटते, एकाच दिवसात आटोपले, म्हणजे आजार किरकोळ असणार. हा उपचार त्रास कमी करण्यासाठी आहे, आजार मुळातून काढण्यासाठी नाही, हे वाक्य मराठीत बोलताना डॉक्टरांचीही जीभ अडखळत असेल. समजू शकते. पण संमतीपत्रावर सही घेताना तरी ते बोलले गेलेच पाहिजे. अर्थ न कळता केलेल्या सहीला संमती कशी म्हणायची?

यावर उपाय म्हणून कृपया नवा शब्दकोश काढू नका. 'अर्बुदशास्त्र' वाचून गाठ कुणाला समजलेली नाही. सिम्युलेशन, ब्रेकीथेरपी, लिनॅक हे शब्द रुग्ण आठवडाभरात शिकतात. शब्द तेच राहू द्या, शेजारी अर्थ द्या. सिम्युलेशन म्हणजे मापे घेऊन, अंगावर खुणा करून केलेली रंगीत तालीम. ब्रेकीथेरपी म्हणजे किरणांचा स्रोत गाठीत किंवा तिच्या अगदी जवळ ठेवून केलेला उपचार. लिनॅक म्हणजे बाहेरून किरण देणारे मशीन. मोठ्या टायपातले दोन पानी पत्रक, सगळ्या रुग्णालयांत एकच, आणि ते सिम्युलेशनच्या आदल्या भेटीत हातात पडेल, अशी सोय करा. छापण्याआधी उपचार घेतलेल्या दहा-बारा जणांना ते वाचायला द्या, आणि काय समजले ते त्यांच्याच तोंडून ऐका. तज्ज्ञांची समिती त्यानंतर बसली तरी चालेल.

उपचारांच्या काळात ताईने वहीच्या मागच्या पानावर न कळलेले शब्द टिपले होते. एकवीस आहेत. त्या पानाची प्रत सोबत जोडली आहे. त्यातल्या नऊ शब्दांपुढे अजून काही लिहिलेले नाही.

आपली विश्वासू,
एका रुग्णाची धाकटी बहीण